मराठा इंजन आणि मागची खिडकी

माईंचा फोन आला तेव्हा मी गुडगावातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये होतो. या लिफ्टमध्ये एरवी फोन लागत नाही. बायकोने सांगितलेलं सामान विसरून वर आल्यावर मी आजवर अनेकदा याच लिफ्टचं नाव पुढे केलेलं आहे. त्या दिवशी मात्र फोन लागला आणि आवाज अगदी स्वच्छ आला. माई म्हणजे माझ्या सासूबाई. फोनवर त्या आधी चारदोनदा 'हॅलो' म्हणून घेतात, पलीकडे माणूसच आहे याची खात्री करतात आणि मग बोलतात. त्या दिवशी एकदाही म्हणाल्या नाहीत. "जावईबापू, सावकाश या. गाडी जोरात हाकू नका. आता घाईचं काही राहिलेलं नाही..."

त्याआधी थंडीभर नोएडाहून येणारा प्रत्येक फोन 'लवकर या' असाच असायचा. त्यामुळे 'सावकाश या' ऐकलं आणि सगळं कळलं. शुभाला, माझ्या बायकोला, सांगायची वेळसुद्धा आली नाही. तिने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पायात चपला घातल्या. त्या संध्याकाळी रस्ता नेहमीसारखाच तुंबलेला होता, पण मी हॉर्नला हात लावला नाही. एका सिग्नलला शुभा काचेबाहेर बघत म्हणाली, "अण्णा असते तर म्हणाले असते, या दिव्याची वेळ चुकीची लावलीय." मग 'असते तर' असं आपण म्हणून गेलो हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने काचेला कपाळ टेकलं.

अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि माझी पहिली भेट लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाली. मी मुलगी बघायला गेलो होतो. अण्णा केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी, निवृत्तीला आलेले. मी पुण्याहून नोकरीसाठी दिल्लीत येऊन पडलेला. पोहे आले, चहा आला, मुलगी आली, आणि अण्णांनी छताकडे बोट करून विचारलं, "तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर ना? मग हा पंखा का वाजतो ते सांगा बघू." मी पंख्याकडे बघत राहिलो आणि शुभा माझ्याकडे. कॉलेजात शिकलेल्यापैकी ऐनवेळी आठवला तो एकच शब्द मी बोललो, "बेअरिंग." अण्णांचा चेहरा उजळला. एका शब्दावर बायको मिळवलेला जावई आमच्या नात्यात दुसरा नाही. पंख्याचं बेअरिंग ठणठणीत होतं, पातं वाकलेलं होतं, हे त्यांनी मला लग्नानंतर सांगितलं. माझं इंजिनिअर असणंही तेवढंच होतं म्हणा. ते दिवस असे होते की बाहेरच्या कंपन्या भराभर येत होत्या आणि टाय बांधता येणाऱ्या कुणालाही काहीतरी विकायला ठेवत होत्या. मी नेहरू प्लेसच्या एका ऑफिसातून कॉम्प्युटर विकायचो. पान्याला हात लावून जमाना झाला होता. अण्णांनी ही गोष्ट शेवटपर्यंत मान्य केली नाही. घरात हक्काचा इंजिनिअर आलेला आहे, या समजुतीवरच त्यांनी पुढचं सगळं आरंभलं.

निवृत्त झाल्यावर अण्णा-माई नोएडाला राहायला गेले. फार पूर्वी घेतलेला प्लॉट होता, त्यावर घर बांधलं. "जमनापार जाताय? तिकडे कोल्हे ओरडतात," असं क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांनी सांगून पाहिलं. कोल्हे खरोखरच ओरडायचे. पण अण्णांनी त्या घराचा नकाशा एका खिडकीभोवती काढला होता. लग्न झाल्यापासून माईंनी सगळा संसार सरकारी क्वार्टरांत केला, आणि प्रत्येक क्वार्टरच्या स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उघडायची. त्यांच्याकडे काय फोडणीला पडलंय ते आपल्याला कळणार, आपल्याकडे दूध उतू गेलं की त्यांना. माईंचं मागणं एवढंच होतं, की स्वतःचं मागचं अंगण असावं आणि ते ओट्याशी उभं राहिल्यावर दिसावं. अण्णांनी खिडकी एवढी मोठी करवून घेतली की ठेकेदार म्हणाला, "साहब, ये खिड़की है या गेट?" खिडकीबाहेर अंगण, आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे सरकारने राखलेला झाडांचा पट्टा. शिसवी, कडुनिंब आणि सफेदा, म्हणजे आपलं निलगिरी. पहिली थंडी माईंनी त्या खिडकीशी मटार सोलत काढली. एवढा मटार सोलला की आम्हाला दर रविवारी मटाराचीच उसळ. पण मी कुरकूर केली नाही. जावयाने करायची नसते, आणि माईंचा तो चेहरा बघून करवलीही नसती.

मग फाल्गुन आला. आपल्याकडून गेलेल्या माणसाला उत्तरेतली पानगळ आधी उमगतच नाही. थंडी सरते, ऊन जरा चढतं, छान वारं सुटतं, आणि झाडं एकदम हात झटकल्यासारखी सगळी पानं सोडून देतात. अंगणात, छतावर, गटारात, दाराच्या फटीत नुसती पानं. ती उचलून न्यायला कुणी येत नसे. नवं शहर होतं. घरं आधी आली होती आणि बाकीचं मागाहून येणार होतं. मग प्रत्येक कोपऱ्यावर, प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर ढीग लागायचे आणि ज्याच्या हाती काडी येईल तो पेटवून मोकळा व्हायचा. अर्धी पानं ओली. ज्वाला अशी नाहीच, दिवसदिवस नुसतं धुमसणं. तो धूर वर जात नसे. जमिनीलगत सरपटत यायचा, भिंत चढायचा आणि माईंच्या त्या भल्यामोठ्या खिडकीतून सरळ घरात.

माईंना दमा आहे हे तोवर कुणाला नीट माहीत नव्हतं. क्वार्टरमध्ये त्याला 'थंडीचा खोकला' म्हणत. त्या फाल्गुनात एका दुपारी आम्ही पोचलो तर माई पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसल्या होत्या, खांदे वर ओढलेले, ओठ निळसर, आणि छातीतून बारीक शीळ वाजल्यासारखा आवाज. अण्णा त्यांच्यासमोर वर्तमानपत्राने वारा घालत होते. वारा कमी नव्हता तिथे... पण दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. नंतर डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "या तो इनकी हवा बदलिए, या घर बदलिए।" माईंचे थोरले भाऊ साताऱ्याहून आले आणि त्यांना घेऊन गेले. पावसाळा संपेपर्यंत माई तिकडे. ज्या बाईसाठी खिडकी केली ती साताऱ्याला, आणि खिडकीशी अण्णा एकटे उभे राहून खिचडी ढवळताहेत, हे दृश्य मला आजही नको वाटतं. खिचडी वाईट व्हायची हे एक आणि त्यावर "बरी झालीय ना?" असं ते विचारायचे, हे दुसरं.

अण्णांनी आधी स्वतःला जमणारा रस्ता धरला, म्हणजे पानं उचलून न्यावीत असा अर्ज केला. उत्तर आलं की अर्ज योग्य त्या कारवाईसाठी पुढे धाडण्यात आला आहे. अण्णा ते वाचून एकटेच हसले. "हे वाक्य मी जन्मभर लिहिलं, जावईबापू. त्याचा अर्थ मला विचारा." मग चष्मा पुसत म्हणाले, "पानं पडणार आणि पानं जळणार. तर मग ती मीच गोळा करतो आणि मीच जाळतो. धुराशिवाय." मी म्हटलं, "धुराशिवाय कशी जळतील?" त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला तो वाजणारा पंखा आठवला. "धूर म्हणजे अर्धवट जळलेलं पान. खालून भरपूर हवा दिली की धूरसुद्धा जळून जातो. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर इंजिनिअर!" मी मान डोलावली. दुसरं काही हातात नव्हतं.

त्या थंडीतले माझे सगळे रविवार त्या यंत्रात गेले. सांगाडा जुन्या डेझर्ट कूलरचा. पोटाला डांबराचं रिकामं पिंप, त्याच्या बुडाला भोकं पाडलेली. चाकं अण्णांच्या मोडीत काढलेल्या स्कूटरची. पानं ओढून घेणारा नळा कशाचा करावा यावर बराच खल झाला, आणि एके दिवशी अण्णांनी माळ्यावरून होल्डॉल काढला. बदलीच्या प्रत्येक गावी गाद्या गुंडाळून नेलेला तो जाड कॅनव्हासचा होल्डॉल त्यांनी स्वतः उभा कापला. दसऱ्यानंतर माई परतल्या होत्या. त्यांनी सुई-दोरा घेतला आणि त्याचा हत्तीच्या सोंडेसारखा नळा शिवून दिला. "आता बदली नाही ना पुन्हा?" एवढंच शिवताना म्हणाल्या. ते अण्णांच्या हातात नव्हतं. कारण भाऊंनी साताऱ्याहून बजावून ठेवलं होतं की यंदा फाल्गुनात परत तसं झालं, तर सुमनला, म्हणजे माईंना, मी कायमची घेऊन जाईन. घराचं तुम्ही काय ते बघा. नुसतं बोलून ते थांबले नव्हते, होळीनंतरचं रिझर्व्हेशनही करून ठेवलं होतं.

पानं ओढायला साधा पंखा पुरेना. तेव्हा कुणीतरी सांगितलं की पानिपतच्या गिरण्यांत हवेतले कापसाचे तंतू ओढून घेणारे मोठे ब्लोअर असतात, आणि जुने झाले की भंगारात मिळतात. सासरे आणि जावई बसने पानिपतला गेले. दिल्लीतल्या मराठी माणसाला पानिपतला जाऊन येतो म्हणायची सोय नसते. मराठी मंडळात ज्याला कळलं त्याने आम्हाला आपापल्या परीने निरोप दिला. भंगारवाल्याने एक गंजका ब्लोअर दाखवला. अण्णांनी पातं हाताने फिरवलं, कान लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय वाटतं?" मी म्हटलं, "बेअरिंग." यावेळी ते खरंच बेअरिंग होतं! येताना तो ब्लोअर मांडीवर घेऊन अण्णा बसच्या खिडकीशी बसले होते आणि इतके खूश होते की मागच्या सगळ्या इतिहासाची त्यांनी परस्पर भरपाई करून टाकली असावी. "लिहून ठेवा जावईबापू. पानिपतहून जिंकून परत आलेले आपण पहिलेच." धुराड्यासाठी ट्रकचा सायलेन्सर लागला, तो करोल बागेतून मी एकट्याने आणला. बसमध्ये तो खांद्यावर घेऊन उभा होतो. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "बाऊजी, बाकी ट्रक पीछे आ रहा है क्या?"

एक सांगायचं राहिलं. अण्णा मला कायम 'अहो-जाहो' करायचे. जावई म्हणजे विष्णू, हे त्यांच्या हाडात होतं आणि यंत्राला माणूस लागतो हे डोक्यात. त्यामुळे, "जावईबापू, आपण जरा खाली झोपता का, म्हणजे नट घट्ट धरता येईल" अशा भाषेत माझी हमाली चाले. माई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, जावई आहे तो! काजळीने माखलाय नुसता!" त्यावर अण्णा, "माखू दे. अंघोळीला आपलंच पाणी आहे."

यंत्र पहिल्यांदा पेटवायला माईंनी होळीचा मुहूर्त काढला. नव्या शहरात, नव्या घरात, अग्नीचं काहीतरी पहिल्यांदा करताय तर होळीलाच करा, म्हणजे तेवढंच देवाचंही होईल. अण्णांना ते पटलं, कारण वेगळी होळी रचायचा खर्च आणि धूर दोन्ही वाचत होते. संध्याकाळी अंगणात पिंपाभोवती रांगोळी घातली, हळदीकुंकू वाहिलं. पुरणपोळीचा नैवेद्य झाला. ब्लोअर सुरू झाला आणि होल्डॉलची सोंड फुगून पानं गिळू लागली. सळसळ, सळसळ आणि मग झडप फिरवून अण्णांनी हवा बुडाकडे वळवली. पिंपातून असा आवाज आला जणू आत कुणी मोठा श्वास घेतलाय. पानं पेटली. धुराड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती, धूर म्हणून नाही! आम्ही आपल्या रीतीप्रमाणे तोंडावर हात मारून बोंब ठोकली. माई ओट्याजवळच्या खिडकीत होत्या, तिथून पदर सावरत बाहेर आल्या आणि होळीत टाकायचा नारळ त्यांनी पुढे केला. अण्णांनी झाकण उचललं, नारळ आत सोडला, झाकण पुन्हा लावून कडी घातली. सगळी आपली माणसं. इंजिनिअरसुद्धा हजर. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की गावच्या उघड्या होळीत टाकायचा तो नारळ, आणि हे पिंप म्हणजे भट्टी.

नारळ फुटला तो तोफ उडाल्यासारखा. त्याच्या अर्धा क्षण आधी आतून काहीतरी करकरलं होतं, आणि अण्णा मला ढकलत ओरडले होते, "पळ!" झाकण कडीसकट उडालं, भिंत ओलांडून शेजारच्या खुराना साहेबांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या टपावर जाऊन पडलं. बोंबेमुळे आमच्याकडे कुणी भाजलंय असं समजून खुराना आधीच पाण्याची बादली घेऊन धावत निघाले होते. ते फाटकात आणि झाकण त्यांच्या डोक्यावरून. सगळीकडे राख, ठिणग्या आणि भाजक्या खोबऱ्याचे तुकडे.  मग खुरानांनी बाहीवर पडलेला एक तुकडा उचलला, हुंगला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "भाई साहब, नारियल तो बढ़िया भुना है। लेकिन ये इंजन कौन सा है?" माईंना हसू फुटलं. आम्ही सगळेच हसत सुटलो. माई हसता हसता खाली बसल्या, आणि हसण्यातून ती बारीक शीळ ऐकू यायला लागली...

उघड्या पिंपातून आता धूर लोटत होता. अण्णांनी ब्लोअर बंद केला, बादली हिसकावून पिंपात ओतली, त्याने धूर दुप्पट झाला. शुभाने माईंना आत नेलं, औषध ओढायला दिलं. अण्णा अंगणातच उभे राहिले. हातात रिकामी बादली, भुवया जळालेल्या. आत जायची त्यांना हिंमत होत नव्हती. मी जवळ गेलो तर अगदी हळू म्हणाले, "मघाशी मी आपल्याला 'पळ' म्हणालो. राग मानू नका." एवढं सगळं समोर जळत असताना या माणसाला ती गोष्ट खुपत होती, की खुपत होतं ते दुसरंच आणि तोंडातून एवढंच निघत होतं, कुणास ठाऊक.

श्वास जागेवर आला तशी माईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे साताऱ्याला फोन लावायला सांगितला. एसटीडी लागेपर्यंत अण्णा दाराच्या चौकटीला धरून होते. आपला निकाल लागला असंच त्यांना वाटत होतं. "दादा," माई म्हणाल्या, मध्ये श्वास घेत घेत, "रिझर्व्हेशन रद्द कर. नाही... नाही, झालं थोडं. पण नारळ मी टाकायला लावला. त्यात ह्यांच्या यंत्राचा काय दोष?" फोन ठेवून त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "आणि उद्यापासून पेटवायच्या आधी मला हाक मारत जा. मी खिडकी लावून पुढच्या खोलीत जाऊन बसेन. न सांगता काही करू नका."

तिथून ती हाक सुरू झाली. दुपारचा चहा झाला की अण्णा अंगणात जायचे, खराट्याने पानं सोंडेपाशी आणायचे, आणि काडी ओढायच्या आधी खणखणीत आवाजात ओरडायचे, "खिडकी लाव गं!" आतून कडी पडल्याचा आवाज आला की मगच काडी. ती सगळी पानगळ माई नोएडात राहिल्या. पुढचीही. भाऊ एकदा मुद्दाम फाल्गुनात येऊन राहून गेले आणि जाताना अण्णांच्या हातात हात घालून नुसते उभे राहिले. गल्लीने यंत्राचं नाव 'मराठा इंजन' ठेवलं. खुराना आपल्या अंगणातली पानं पोत्यात भरून भिंतीवरून द्यायचे, "लो जी, इंजन का चारा।" हळूहळू सगळी गल्लीच आपला पालापाचोळा आमच्या दारी आणू लागली. कोपऱ्यावरचे ढीग थांबले. अण्णा पेन्शनीतल्या माणसाला न शोभणाऱ्या घाईत दुपारभर त्या पिंपाशी उभे. झाकण मधून मधून उघडावं लागे, पानं ढवळावी लागत. उघडलं की भपकन् धूर तोंडावर येई. तोंडाला पंचा बांधायचे. तो पंचा संध्याकाळी काळा झालेला असायचा. तेव्हा ते पाहून आम्हाला हसू यायचं. माई तो रोज साबणात भिजवायच्या...

वर्षं गेली. पट्ट्यातली झाडं वाढली तशी मागून उंच इमारती वाढल्या, आम्ही गुडगावला आलो, मी कॉम्प्युटर विकायचं सोडून लोकांना काय विकावं हे सांगायच्या धंद्यात शिरलो. मग पानं जाळायला बंदी आली. दिल्लीची हवा हा रोजच्या पेपरचा विषय झाला होता. खुराना म्हणाले, "अजी, आपका इंजन तो धुआँ देता ही नहीं।" पण अण्णांनी त्याच दिवशी सायलेन्सर काढून ठेवला. मी जरा थट्टेने विचारलं, "सरकारी माणूस अजून जागा आहे वाटतं?" ते हसले नाहीत. "तसं नाही, जावईबापू. धूर आपल्या खिडकीपासून गेला म्हणजे गेला, असं मी धरून चाललो. तो जातो कुठे, हे कधी बघितलंच नाही. वर गेला तरी कुणाच्या तरी खिडकीतच गेला असणार." त्यानंतर त्यांनी पिंपात पानं कुजवून खत करायला घेतलं. आग नाही, ब्लोअर नाही. नुसती पानं भरायची, पाणी मारायचं. पण रोज दुपारी अंगणात गेले की पहिली हाक तीच, "खिडकी लाव गं!" आणि माई खिडकी लावायच्या. एकदा शुभा म्हणाली, "आई, आता कशाला लावतेस? काही जळत नाहीये." माई कडी घालत म्हणाल्या, "हाक मारायला काहीतरी निमित्त नको का त्यांना? नावाने तर जन्मात कधी मारली नाही."

अण्णांचा खोकला कधी सुरू झाला ते नक्की सांगता येणार नाही. माईंच्या श्वासाकडे लक्ष देण्याची घराला एवढी सवय होती की दुसऱ्या कुणाचा श्वास लागेल हे ध्यानीमनी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. कशामुळे, ते म्हणाले, असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. वय असतं, दिल्लीची हवा असते, कितीतरी असतं. आम्ही तेच एकमेकांना सांगत राहिलो. माई फक्त एकदाच बोलल्या, तेही दळण निवडताना, मान वर न करता. "माझ्या वाट्याचा धूर ह्यांनी घेतला."  

शेवटची भेट ते जाण्याच्या आठवडाभर आधीची. मागच्या खोलीत पलंग, पलंगाशी प्राणवायू तयार करणारं यंत्र, नाकाला नळी. ते यंत्र ठराविक अंतराने उसासा टाकायचं. अण्णा डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत होते. मी बसल्यावर डोळे न उघडता पुटपुटले, "काय वाटतं?" मी म्हटलं, "बेअरिंग." त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग बराच वेळ दम गोळा करून म्हणाले, "शिसवीची पानं सुटली का?" मी सांगितलं, अजून नाही, पिवळी पडलीत. "मग वेळ आहे," ते म्हणाले. त्यांचा हात माझ्या हातावर होता. "दमला असशील. जा, जेवून घे." होळीच्या त्या 'पळ'नंतर मला त्यांनी केलेला हा पहिलाच एकेरी उल्लेख. या वेळी त्यांनी माफी मागितली नाही, आणि त्यामुळेच मला आतून भीती वाटली.

ते गेले आणि मग पानं सुटली. यंदा घरात होळी नव्हती, पुरण नव्हतं. खुराना साहेब आता काठी टेकत चालतात. होळीच्या संध्याकाळी ते एक नारळ घेऊन आले, पिंपाच्या झाकणावर ठेवला आणि परत गेले. तो आम्ही तिथेच राहू दिला.

मागच्या रविवारी आम्ही माईंना घेऊन जायला गेलो होतो. शुभाने सगळं ठरवलं होतं. आमचा फ्लॅट इतका उंचावर आहे की तिथे पान पोचत नाही, धूळही कमी, हवा गाळायचं यंत्रही आहे. माईंनी सगळं ऐकून घेतलं, आम्हाला चहा दिला. "तुमच्याकडे येईन की, चार दिवस," म्हणाल्या, "पण राहायचं काही काढू नका." दुपार कलली होती. मागची खिडकी सताड उघडी, आणि वाऱ्याबरोबर शिसवीची छोटी छोटी गोल पानं आत येत होती. ओट्यावर, गॅसच्या शेगडीवर, माईंच्या निवडलेल्या मेथीत. अंगणात ते पिंप, कॅनव्हासची सोंड आता मऊ पडून जमिनीला टेकलेली, झाकणावर नारळ. या धुळीने माईंना पुन्हा त्रास होईल म्हणून मी उठलो आणि खिडकीच्या कडीला हात घातला.

"असू द्या, जावईबापू," माई म्हणाल्या. त्यांचं लक्ष मेथीकडेच होतं. "हाक आली की लावीन मी."